बारा गज

आमच्या चिंताकीत विमान आधी म्हशींना कळतं. त्यांचे कान हलतात, रवंथ थांबतो, आणि मग बिदरच्या अंगानं आवाज येतो. शाळेत असताना हा आवाज आला की मास्तरांनी फळ्याकडे बघायचं आणि आम्ही खिडकीकडे, असा एक न बोललेला करार होता. आभाळात ठिपका दिसायचा. तो उभाच्या उभा वर चढायचा, वर जाऊन उलटा व्हायचा आणि दगड पडावा तसा खाली यायचा. आमच्या पोटात गोळा यायचा. गोळा भीतीचा की आनंदाचा, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज विचारलं तरी सांगता येणार नाही. हा लेख त्याच गोंधळातून आलाय.

गाव औराद तालुक्यातलं. कागदावर कर्नाटक, तेलंगणाची हद्द जवळच, आणि सोयरीक निम्मी उदगीर-देगलूरकडे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात तेलुगू आणि दखनीची सरमिसळ. १९५६ साली राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा आजच्या महाराष्ट्राकडे गेले, नारायणखेड, जहिराबाद आंध्रात गेले, आम्ही इथे राहिलो. पण आभाळाची वाटणी झाली नाही. विमानं तिन्ही राज्यांवरून घिरट्या घालतात आणि तिन्हीकडची पोरं त्यांना हात करतात. मीही करायचो. कधीतरी वैमानिक हात करेल असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात भाचा आला होता. सातवीत आहे. मोबाइलवरच्या खेळामुळे त्याला कुठली बंदूक किती लांब मारते, कुठल्या मॅगझिनीत किती गोळ्या बसतात, सगळं तोंडपाठ. माझ्या बहिणीला त्याची काळजी वाटते. मला वाटत नव्हती, कारण त्याच्या वयात मीही वहीच्या शेवटच्या पानावर रणगाडेच काढत होतो. म्हटलं, खरी तोफ दाखवतो चल. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ पासून धावते, त्यामुळे बिदरहून कलबुर्गी आता पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही. किल्ल्यातली ती तोफ बघायला गेलो, जिला सगळे बारा गजी म्हणतात. जगातली सगळ्यांत लांब तोफ हीच, असं कलबुर्गीकर छातीवर हात ठेवून सांगतात. मी वाद घातला नाही. ज्याच्या गावात तोफ असते, त्याच्या गावची तोफ सगळ्यांत लांबच असते.

भाच्यानं दप्तरातून सुताराची फीत काढली. ही त्याची स्वतःची तयारी. मला पत्ताच नव्हता. तोफेच्या बुडापासून सुरुवात केली. पाच मीटरला खडूनं खूण केली, पुन्हा तिथून लावली. एकोणतीस फूट. मग त्याला प्रश्न पडला. तीन फुटांचा गज धरला तर बारा गजांचे छत्तीस फूट व्हायला हवेत, सात फूट गेले कुठे? त्याला सांगितलं, तेव्हा गज सगळीकडे सारखा नव्हता, दर सुलतानाचा वेगळा, कापडाचा वेगळा, जमिनीचा वेगळा. त्याला ते पटलं नाही. माप म्हणजे माप, असं त्याचं म्हणणं.

तोफ तापलेली होती. सावलीच्या पट्ट्यात एक शेळी बसलेली. मी शेळीकडे बघत होतो, आणि वळून बघतो तर भाचा तोफेच्या तोंडाशी गुडघ्यावर बसलेला. एक डोळा मिटून दुसरा नळीला लावलेला, आत काय दिसतंय ते बघत होता.

मी ओरडलो. केवढ्यानं, ते शेळी उठून पळाली त्यावरून समजा. धावत जाऊन त्याला कॉलरला धरून मागे ओढलं.

"मामा, रिकामी हाय की!" तो घाबरून म्हणाला. "किती वर्षं झालीत!"

"असू दे. तोंडापुढं बसायचं न्हाई."

"का पण?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो बरोबर होता. नळीत कबुतराची पिसं होती, एक गुटख्याची पुडी होती, बाकी काही नव्हतं. मी मात्र दहा मिनिटं घाम पुसत होतो. दोन तास त्या तोफेची लांबी, जाडी, कड्या बघून मी पोरासारखा हरखलेला माणूस. तिच्या तोंडाशी आपलं पोर दिसल्याबरोबर माझं सगळं कौतुक कुठल्या कुठे गेलं. फीत आम्ही बुडापासून लावली होती आणि ती तोंडाशी संपली होती. तोफा मोजायची रीतच तशी आहे.

*

कौतुक खोटं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. शस्त्रांचं आकर्षण म्हणजे नुसता माज असं जे म्हणतात, त्यांनी जवळून तोफ बघितलेली नसते. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या तोफांपैकी काही ओतीव नाहीत, घडीव आहेत. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या एकमेकींना लावून गोल करायच्या, आणि त्यांच्यावर लालबुंद तापवलेल्या कड्या एकामागून एक सरकवायच्या. कडी निवली की आवळते. अशा शेकडो मण दाबाखाली पट्ट्या एकजीव होतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खदखदून हसलो, कारण हे मी लहानपणी लोहाराच्या दारात पाहिलेलं होतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ती अशीच. गोवऱ्यांची वर्तुळाकार भट्टी, त्यात लोखंडी धाव, ती लाल झाली की तिघांनी तीन सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची. लाकडाचा धूर, मग वरून घागरी ओतायच्या, चर्रर्र आवाज, आणि चाकाचे सगळे सांधे कडकड करून घट्ट बसायचे. आमचे आप्पा म्हणायचे, चाक बोललं की समजायचं काम झालं. ज्यानं बिदरच्या तोफेवर कडी चढवली, तोही असाच कान लावून उभा असणार. एकच विद्या. एकीनं ज्वारीची पोती बाजाराला गेली, दुसरीनं काय केलं ते बुरुजावर चढून बघावं लागतं.

बुरुजावर काय आहे? बहमनींनंतर बिदरवर बरीदशाही आली, त्या काळातल्या कित्येक तोफा अजून जागच्या जागी आहेत. गुलाम याज़दानी यांनी १९४७ च्या आपल्या बिदरवरच्या ग्रंथात त्यांच्यावरचे लेख नोंदवून ठेवलेत. तोफेचं नाव, कधी बनवणाऱ्याचं नाव, आणि काहींवर गोळा किती वजनाचा, दारू किती घालायची तेही. मला हा सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा मजकूर वाटतो. पाककृतीसारखं आहे ते. मण, शेर, सगळं लोखंडात कोरलेलं, म्हणजे घाईगर्दीत गोलंदाजाची चूक व्हायला नको. ते पदार्थ कुणाच्या ताटात वाढले गेले, त्याचा लेख कुठेच नाही.

तोफांना नावं देण्याची हौस आपल्याकडे दांडगी. विजापूरची मुलूख मैदान तर सगळ्यांना माहीत आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा तुर्कस्तानातून आलेला मुहम्मद रूमी. पंचावन्न टन वजन, तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आणि त्याच्या दातांत हत्ती. पुढे ती परंड्याला होती, तिथून विजापूरला नेली. रूमी खान नावाच्या तोफखाना-सरदाराच्या तोफा तालीकोटच्या लढाईत, १५६५ च्या जानेवारीत, विजयनगरच्या फौजेसमोर होत्या. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की शत्रू अगदी जवळ आल्यावर रूमी खानानं तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या. हे वाचून माझ्या मनात आलेला पहिला विचार होता, वा, काय डोकं! दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. नाण्यानं माणूस कसा फाटतो, याचा.

मुलूख मैदानजवळ एक पाण्याचं टाकं आहे. गोलंदाज बत्ती लावून त्यात बुडी मारायचा, नाहीतर कान जायचे, असं वाटाडे सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण एवढ्या सगळ्या कथांत शरीराची आठवण येते ती इथे, आणि तीही तोफेच्या मागच्या बाजूच्या माणसाच्या शरीराची. इंग्रजांना मात्र तोफेचं काहीच वाटलं नाही. १८५४ मध्ये त्यांनी ती लिलावात काढली. बोली आली दीडशे रुपये. मग कुणाला तरी उपरती झाली आणि लिलाव रद्द झाला.

*

कलबुर्गीला आणखी एक गोष्ट आहे. तिला फीत लावता येत नाही, म्हणून ती कुणी बघायला जात नाही.

बहमनींची राजधानी तेव्हा कलबुर्गीच होती. किल्ल्यातली ती प्रचंड मशीद ज्याच्या काळातली, त्या पहिल्या मुहम्मदशहाची ही हकीकत. १३६६ चा सुमार. मैफल रंगली, सुलतान मद्याच्या तारेत, आणि गवय्यांवर खूश होऊन त्यानं बिदागीची हुंडी लिहून दिली ती विजयनगरच्या खजिन्यावर! बुक्करायानं हुंडी आणणाऱ्याला गाढवावर बसवून धिंड काढली आणि मुदगलवर चाल केली. तिथली सगळी शिबंदी कापली गेली. सुलतानानं शपथ घेतली, एक लाख माथी उडवल्याशिवाय तलवार म्यान करणार नाही. मग जे झालं त्यात बायका-पोरंही सुटली नाहीत. अखेरीस विजयनगरचे वकील आले. हुंडी वटली, गवय्यांना पैसे मिळाले. मग वकिलांनी एक गोष्ट मांडली. आपण दोघे शेजारी, पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहणार. तेव्हा एवढं तरी ठरवून टाकू, की लढाई संपल्यावर कैद्याला मारायचं नाही आणि ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याला हात लावायचा नाही. सुलतानानं कबूल केलं. फिरिश्ता सांगतो की तेव्हापासून दक्खनेत ही रीत पडली.

फिरिश्ता हे दोन-अडीचशे वर्षांनंतर लिहितोय, विजापूरच्या दरबारात बसून. त्याच्या आकड्यांवर अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत. या लढाईत तोफा होत्या असं तो म्हणतो, त्यावरही नाही. शेवटचं वाक्य तर कुणीच मानणार नाही, कारण त्यानंतरचा दक्खनचा इतिहास आपल्याला माहीत आहे. तरी मला ही गोष्ट आवडते, आणि आवडते ती तिच्यातल्या व्यवहारीपणामुळे. वकिलांनी अहिंसेचं प्रवचन दिलं नाही. भांडू नका असंही म्हटलं नाही. बांधावरून भांडणारे दोन भाऊ जसं म्हणतात की काही झालं तरी एकमेकांच्या गोठ्याला आग लावायची नाही, तसं ते होतं. जगानं जिनिव्हाला जाऊन जे कागदावर आणलं त्याच्या पाचशे वर्षं आधी आमच्या जिल्ह्यांत निदान तशी कल्पना कुणाच्या तरी डोक्यात होती. कलबुर्गीच्या किल्ल्यात या कराराची पाटी लावायला हवी, बारा गजीच्या शेजारी. लावली तर किती जण वाचतील, ते वेगळं.

*

बिदरात दारूची आणि पुस्तकांची सोबत फार जुनी. महमूद गवान इराणातल्या गीलानहून आलेला व्यापारी, बहमनींचा वजीर झाला. १४७२ च्या सुमारास त्यानं दोन कामं केली. बेळगावच्या वेढ्यात तटाखाली दारूचे सुरुंग पेरून भिंत उडवली. दक्खनच्या लोकांना हा प्रकार तोवर ठाऊक नव्हता असं फिरिश्ता म्हणतो. आणि बिदरात तीन मजली मदरसा उभा केला, ज्यात तीन हजार हस्तलिखितं होती. एकाच माणसाच्या मनात दोन्ही शेजारी नांदत होते. त्याला त्यात विसंगती वाटली असेल का, कोण जाणे. त्याच सुमारास रशियाहून आलेला अफानासी निकितीन नावाचा एक व्यापारी बिदर बघून थक्क झाला होता. चिलखत घातलेले हत्ती, त्यांच्या सुळ्यांना बांधलेल्या तलवारी, पाठीवरच्या अंबारीत हत्यारबंद माणसं, हे तो डोळे विस्फारून लिहितो. पण त्याच वृत्तांतात, सरदार ऐषारामात आहेत आणि खेड्यातली माणसं हलाखीत, हेही तो नोंदवतो. पर्यटकाकडून एवढीच अपेक्षा असावी: हत्ती बघावा आणि हत्तीखालची जमीनही.

गवानचा शेवट वाईट झाला. शत्रूंनी बनावट पत्र रचलं, सुलतानानं दारूच्या नशेत ते खरं मानलं आणि ५ एप्रिल १४८१ ला त्याचं शिर उडवलं. मदरसा राहिला. १६५७ मध्ये शहजादा औरंगजेबानं बिदरला सत्तावीस दिवस वेढा दिला. किल्लेदार सिद्दी मर्जान म्हातारा होता, पण हटेना. शेवटी बुरुजामागच्या दारूच्या साठ्यावर ठिणगी पडली. तो आणि त्याची पोरं होरपळली, आणि किल्ला पडला. मोगलांना दोनशे तीस तोफा मिळाल्या. म्हणजे किल्ल्याला राखायला ठेवलेल्या दारूनंच किल्ला दिला. पुढे मोगलांनी मदरशात फौज ठेवली, दारूही ठेवली, आणि १६९६ च्या सुमारास तिचा भडका उडाला. पुढचा एक मिनार आणि एक अख्खी बाजू गेली. आज तुम्ही मदरसा बघायला गेलात तर एक मिनार निळ्या-हिरव्या फरश्यांचे अवशेष अंगावर घेऊन उभा दिसेल. दुसऱ्याच्या जागी आभाळ आहे. लोक उभ्या मिनाराचे फोटो काढतात. मी भाच्याला दुसऱ्या बाजूला उभा केला आणि त्याचा फोटो काढला. पाठीमागे काही नाही. "मामा, हे काय काढलालाव?" म्हणून तो वैतागला.

*

आता जवळचं. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं काळ मोजतात तो 'रझाकाराच्या आधी' आणि 'ॲक्शनच्या नंतर' असा.

१९४८ मध्ये निजामाला शस्त्रं हवी होती आणि भारत सरकारनं नाकेबंदी केली होती. तेव्हा सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीवरून गुपचूप छायाचित्रं काढणारा हाच. लँकॅस्टर बॉम्बफेकी विमानावरून बेतलेली लँकॅस्ट्रियन विमानं घेऊन तो कराचीहून रातोरात शस्त्रं आणायचा आणि हैदराबाद संस्थानातल्या धावपट्ट्यांवर उतरवायचा. बिदरची धावपट्टी त्यांतली एक. त्याच्या साहसावर इंग्रजीत चवीनं लिहिलं गेलंय, आणि मीही ते चवीनंच वाचलंय, खोटं कशाला बोलू. पुढे लंडनच्या कोर्टात त्याला दंड झाला, दोनशे पौंड. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, हीच ती 'ॲक्शन'; आपल्या टेंपेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगलच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले, आणि पाच दिवसांत सगळं संपलं. सैनिकी इतिहास इथे संपतो.

पण माणसं मेली ती या विमानांनी नव्हे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या गोरटा गावात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी दोनशेच्या आसपास माणसं कापली. कारवाईनंतर उलट दिशेनं सुरू झालं. सरकारनं पंडित सुंदरलाल यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या समितीनं बळींचा अंदाज बांधला तो सत्तावीस ते चाळीस हजारांचा, आणि सगळ्यांत जास्त झळ बसलेले जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. बळी बहुतेक मुसलमान. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. गोरट्याचं नाव एक घेतो, अहवालाचं नाव दुसरा घेतो; दोन्ही एका दमात म्हणणारा माणूस आमच्या भागात विरळा. आणि यातली बरीचशी कत्तल कशानं झाली? तलवारी, भाले, कुऱ्हाडी, ठासणीच्या बंदुका. ज्यांचा फोटो कुणी काढत नाही, ज्यांची लांबी कुणी मोजत नाही, अशा घरातल्या वस्तूंनी.

आमची आज्जी तेव्हा नवी नवरी. तिनं त्या दिवसांबद्दल आम्हाला फार काही सांगितलं नाही. तुरीच्या रानात दोन रात्री काढल्या, एवढंच. पलीकडच्या आळीतलं एक बांगड्या भरणारं घर नंतर परत आलं नाही, हे एकदा बोलता बोलता म्हणाली आणि लगेच चुलीकडे वळली. पण तिची एक सवय होती. खंडेनवमीला आमच्याकडे नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, खुरपी, सगळं धुऊन ओट्यावर मांडतात. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आप्पांनी मांडून झालं की आज्जी यायची आणि एकेका हत्याराचं तोंड भिंतीकडे करायची. विळ्याची धार, कुऱ्हाडीचं पातं, सगळं भिंतीकडे. आप्पा चिडायचे, पूजेला पाठ कशी म्हणून. ती काही बोलायची नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

*

बिदरचं हवाई दलाचं ठाणं हे आज आमच्या भागाचं भूषण. वैमानिक इथे शिकतात. १९९६ च्या मे महिन्यात 'सूर्यकिरण' पथक इथेच उभं राहिलं. नऊ विमानं पंखाला पंख लावून उडतात तेव्हा बघणाऱ्याच्या तोंडून आवाज निघत नाही. ते नुसते खेळ नव्हेत: २००६ च्या मार्चात सरावात बिदरजवळ दोन वैमानिक गेले, २००९ च्या जानेवारीत आणखी एक. आमच्या गावात त्या दिवशी चूल उशिरा पेटली, असं काही मी लिहिणार नाही. पण पुढचे काही दिवस आवाज आला की पोरांआधी मोठी माणसं वर बघायची.

२००८ पासून इथे हॉक विमानं आहेत. मूळ ब्रिटिश बनावट, पुढची बंगळूरच्या एचएएलमध्ये बांधलेली. २०१५ मध्ये सूर्यकिरणही हॉकवर आलं. बिदरच्या हॉकनं कुणावर बॉम्ब टाकलेला नाही, ती शिकवणीची विमानं आहेत, हे आधी सांगतो. पण या विमानाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या वर्षी बिदरात सूर्यकिरण जन्मलं, त्याच वर्षी, २९ जानेवारी १९९६ च्या रात्री इंग्लंडातल्या वॉर्टन इथल्या विमान कारखान्यात तीन बायका शिरल्या. त्यांच्या हातात घरगुती हातोड्या होत्या. इंडोनेशियाला जायला तयार असलेल्या एका हॉकच्या नाकावर, आतल्या यंत्रांवर त्यांनी घाव घातले. हे विमान पूर्व तिमोरमधल्या गावांवर वापरलं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्व तिमोरमध्ये काय चाललंय त्याची चित्रफीत विमानातच ठेवली, आणि पळून न जाता तिथेच थांबल्या. चौथी बाई, मीही असंच करणार म्हणाली म्हणून पकडली गेली. नुकसान सुमारे पंधरा लाख पौंडांचं. सहा महिने कोठडीत गेले. जुलैमध्ये लिव्हरपूलच्या कोर्टात ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं.

मी हे वाचलं तेव्हा माझा पहिला धक्का विचित्र होता. एवढं देखणं विमान, आणि हातोडी? पोटात पुन्हा गोळा आला, शाळेतल्या खिडकीसारखा. त्या बायकांचं बरोबर होतं असं मला आज वाटतं. पण मी त्या रात्री तिथे असतो तर आधी विमानाच्या पंखावरून हात फिरवला असता, आणि हातोडी बहुधा पिशवीतच राहिली असती. त्यांनी विमान तोंडाच्या बाजूनं बघितलं. मी जन्मभर शेपटीच्या बाजूनं बघत आलोय, कारण ते नेहमी माझ्या डोक्यावरून दुसरीकडे गेलं. तिमोरमधल्या माझ्यासारख्या पोरानं त्याला हात केला असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

*

कलबुर्गीहून परतताना आम्ही बिदरात उतरलो. बहिणीसाठी बिदरीची कुंकवाची डबी घ्यायची होती. चौबाऱ्याजवळच्या एका गल्लीत एक म्हातारे कारागीर ओळखीचे आहेत. पायरीशी बसून काम करतात. जस्त सोळा भाग, तांबं एक भाग, त्याचं ओतकाम. मोरचूद लावून तात्पुरतं काळं केलेलं पृष्ठ. त्यावर कलमानं कोरलेली वेल, आणि वेलीत ठोकून बसवलेली चांदीची तार. आपल्या घरात पानदान आणि फुलदाण्या आल्या, पण पूर्वी तलवारींच्या मुठींवरही हे काम होत असे. आणि शेवटी ती प्रसिद्ध माती. किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेतली माती नवसागराबरोबर पाण्यात उकळायची आणि भांडं त्यात बुडवायचं. धातू काळाकुट्ट होतो, चांदी पांढरी राहते. दुसऱ्या मातीनं हे होत नाही म्हणतात. त्या मातीत सोरा असतो.

सोरा म्हणजे जुन्या भिंतीला लोणा लागतो ना, त्यातलाच तो. गोठ्यातली, पडक्या भिंतीतली माती पाण्यात कालवायची, पाणी आटवायचं, स्फटिक उरतात. तोफेच्या दारूत तीन चतुर्थांश तोच. उरलेल्यात कोळसा आणि गंधक. सोरा स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला प्राणवायू पुरवतो. बारा गजीच्या नळीतून जे सुटायचं, त्याच्या मागे ढोरांच्या मुतानं भिजलेल्या मातीतलं हे एक मीठ होतं.

भाच्यानं विचारलं, किल्ल्यातली चांगली माती कशी ओळखता? चाचांनी पायरीखालचा डबा ओढला, चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवली.

"जुबान पो रखके देखो, समझ में आताय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं जिभेचं टोक लावलं, तोंड वाकडं केलं, मग थांबला. मीही बोट बुडवून घेतलं. आधी खारट, मग किंचित कडू, आणि मागून जिभेवर गारवा.

"थंड लागलालंय मामा," तो म्हणाला.

"थूक दो, थूक दो," चाचा हसत म्हणाले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.